आमच्या अंगणातला टकटक्या

घराला आग लागली असं कोणी आमच्या ह्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी आधी स्वतःच्या खिशातली काड्यापेटी तपासून पाहिली असती. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची ही खोड. जॉब बिघडला की आधी आपलं सेटिंग बघायचं, मग आपलं हत्यार, मग आपलं मशीन. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं ते सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो दाखवायचंच नाही. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या कारखान्यात ह्या खोडीला फार मान होता. घरात मात्र तिच्यापायी एका उन्हाळ्यात अंगणाची, माझ्या चहाच्या गाळणीची आणि माझ्या डोक्याची पार दशा झाली.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. इस्टेटमधले कारखाने एकामागून एक बंद होत होते, तसा ह्यांचाही झाला. हे पन्नाशीला टेकले होते. धड म्हातारे नाहीत, धड तरुण नाहीत. कोणी नोकरीवर ठेवायला तयार नाही आणि घरी बसवून घ्यायला मी तयार नाही. माझी सकाळच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी होती, त्यामुळे चूल पेटत होती. प्रश्न चुलीचा नव्हताच. हा माणूस पहाटे उठायचा, दाढी-आंघोळ उरकायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि सातच्या ठोक्याला पायात चपला सरकवून दारात उभा राहायचा. मग त्याला आठवायचं की आता जायचं कुठेच नाहीये.

मी तरी काय मोठी शहाणी! माझे हातही सवयीने चालायचे. पोळीभाजीचा डबा भरून त्यांच्या हातात देऊन मी शाळेत जायचे. दुपारी परत यावं तर हे पुढच्या पायरीवर बसून, मांडीवर रुमाल पसरून, तोच डबा खात असायचे.

"अहो, घरीच आहात तर ताटात तरी वाढून घ्या," मी एकदा म्हटलं.

"दुपारी डबाच बरा लागतो," हे म्हणाले.

कारखाना चालू होता तेव्हा तो डबा संध्याकाळी ग्रीसच्या बोटांचे ठसे घेऊन घरी यायचा. राख लावून घासघास घासला तरी ते जायचे नाहीत आणि त्यावरून मी रोज तोंड सोडायचे. आता डबा लख्ख असायचा. त्या लख्ख डब्याकडे बघून मला गलबलून यायचं.

आमची गल्ली वर्तकनगरच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. निरनिराळ्या कारखान्यांतल्या लोकांनी सोसायटी करून बांधलेली बैठी घरं, प्रत्येक घरापुढे चादरीएवढं अंगण. बाकी सगळ्यांनी त्यात अळू, कढीलिंब, एखादी पपई असं काहीतरी पोटात जाणारं लावलं होतं. आमच्या ह्यांनी लावली हिरवळ. का, तर कारखान्याच्या ऑफिसपुढे हिरवळ होती आणि तिच्यावर पाय ठेवायची कामगारांना बंदी होती. "आपल्या हिरवळीवर आपण अनवाणी चालायचं," असं ते म्हणायचे. मला खरं तर अळू हवं होतं, पण असल्या कारणापुढे अळूचं काय चालणार?

त्या ऑफिसपुढच्या हिरवळीला पाणी घालायला एक फिरता स्प्रिंकलर होता. तो मोडून बरीच वर्षं कोपऱ्यात पडला होता. कारखान्याच्या शेवटच्या दिवशी कोणी आपलं स्टूल मागून नेलं, कोणी भिंतीवरचं घड्याळ. ह्यांनी मॅनेजरची परवानगी घेऊन तो मोडका स्प्रिंकलर आणला. तोही रुमालात बांधून. मला वाटलं, निरोपाचे पेढे. देवापुढे ठेवायला म्हणून मी हात पुढे केला, तर हातावर हिरवट पडलेला पितळेचा गोळा आला.

ह्यांचा टूलरूममधलाच एक मित्र होता. त्याने इस्टेटमध्ये एका शेडमध्ये स्वतःचं लहानसं वर्कशॉप काढलं होतं. तिथे ह्यांनी त्या गोळ्याला नवी स्प्रिंग घातली, झिजलेले भाग लेथवर नव्याने बनवले, आणि चिंचेने घासून तो देवाच्या उपकरणासारखा चकचकीत केला. मग अंगणाच्या मधोमध पाइप आणून त्यावर त्याची स्थापना झाली.

हे यंत्र कसं चालतं ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही सांगेन. पाण्याची धार तोंडातून जोरात सुटते आणि समोरच्या एका लहानशा पितळी हातावर आदळते. तो हात बाजूला उडतो. स्प्रिंग त्याला मागे ओढते, आणि तो येऊन यंत्राच्या अंगावर टक् करून आपटतो. त्या धक्क्याने यंत्र जरासं फिरतं. असं टक्, टक्, टक् करत त्याचा पूर्ण गोल होतो आणि सगळं अंगण भिजतं. आवाज एवढा खणखणीत की गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचा. गल्लीने दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव टकटक्या ठेवलं.

आमच्याकडे नळाला पाणी दिवसातून एकदाच यायचं. चार ते सहाच्या मधे केव्हाही यायचं आणि जेमतेम तासभर टिकायचं. सगळ्या गल्लीला मिळून एकच लाइन. हे दुपारीच वॉल्व्ह उघडून ठेवायचे, म्हणजे पाणी आलं की टकटक्या आपला आपण सुरू. पहिल्या दिवशी त्याची धार थेट फाटकापर्यंत गेली. समोरच्या घरातल्या मावशी, मूळच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"काय गो, तुज्या नवऱ्यान कारंजा लावलाय का काय?" त्या म्हणाल्या.

ह्यांना कारंजं म्हटलेलं आवडलं नाही, पण ऊर भरून आलेला दिसत होता.

पुढच्याच आठवड्यात तो वर्कशॉपवाला मित्र बातमी घेऊन आला. घोडबंदर रोडला तेव्हा मोठमोठ्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. त्यातल्या एका बिल्डरला इमारतींमधल्या हिरवळीसाठी असे स्प्रिंकलर हवे होते. बनवायचे, बसवायचे आणि पुढे सांभाळायचेही. मित्राने ह्यांचं नाव सुचवलं होतं. बिल्डरचं म्हणणं एवढंच, की चालताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय काम देणार नाही. चैत्रातल्या एका रविवारी तो आमच्याकडे येणार असं ठरलं.

त्या दिवशी ह्यांनी एक पोळी जास्त खाल्ली. जेवताना कागदाचा तुकडा घेऊन काहीतरी आकृत्या काढत होते आणि स्वतःशीच शीळ घालत होते. कारखाना बंद झाल्यापासून मी ती शीळ ऐकली नव्हती. मी मनात म्हटलं, देवा, मला दागिने नकोत, बंगला नको, ह्या माणसाला सकाळी सातला जायला एक जागा दे.

देवाने ऐकलं की नाही माहीत नाही, पण टकटक्याने ऐकलं असावं, कारण त्याच आठवड्यापासून त्याने मान टाकायला सुरुवात केली. पाणी आलं की सुरू व्हायचा झोकात. जरा वेळ टक्-टक् टक्-टक्. मग टक्... मग बराच वेळ काही नाही... मग अर्धवट टक्. आणि शेवटी धार पडायची ती स्वतःच्याच पायापाशी, तान्हं मूल दूध ओकतं तशी. अंगण कोरडं आणि पाइपाच्या बुडाशी डबकं.

ह्यांनी आपल्या शास्त्राप्रमाणे आतून सुरुवात केली. आधी तोंडात माती अडकली असेल म्हणून माझ्या साडीच्या पिनेने ते साफ केलं. मग पाण्याबरोबर कचरा येत असेल म्हणून गाळणी बसवली. ती माझी चहाची गाळणी होती हे मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळलं. मग वायसर झिजला म्हणून जुन्या चपलेचं कातडं कापून नवा वायसर केला. चप्पल जुनी होती हे त्यांचं मत. मग स्प्रिंग ताठ वाटली म्हणून सैल केली, आणि सैल वाटली म्हणून ताठ केली. रोज संध्याकाळी तोच प्रकार: झोकात सुरुवात आणि पाठोपाठ मान खाली.

"अहो, म्युनिसिपालटीचं पाणीच कमी येत असेल," मी म्हटलं.

"सुरुवातीला जोर असतो ना? मग पाण्याला कशाला नावं ठेवायची? दोष आपल्यात आहे."

शेवटी ते त्याला उचलून मित्राच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले आणि त्यांनी तो तिथल्या पंपावर लावला. तिथे पठ्ठ्या दुपारभर न थकता फिरला. घरी आणून बसवला, तर पुन्हा तेच.

"माहेरी गेली की ठणठणीत आणि सासरी आली की अंथरुणाला खिळते, अशातली गत," मी म्हटलं. "सासरचं काहीतरी बिनसलंय."

माझ्या तोंडून तेव्हा खरं निदान निघून गेलं होतं, पण मलाच ते कळलं नाही, तर ह्यांना काय कळणार? त्यांनी सासरचा अर्थ आमचं घर असा घेतला. मित्राकडून पाण्याचा दाब मोजायचं घड्याळ आणलं, ते पाइपावर बसवलं, आणि संध्याकाळी काटा धाडकन खाली येताना पाहिला. म्हणजे आपल्याच पाइपात कुठेतरी गळती! दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा हिरवळीच्या मधोमध फाटकापासून पायरीपर्यंत चर खणलेला होता. हे चरात बसून एकेका जोडावर सुतळी आणि सफेदा चढवत होते. चैत्राचं ऊन, हिरवळ पिवळी पडून गेलेली, त्यात हा चर. येणारे-जाणारे विचारायचे, धन सापडलं का? हे हसायचे नाहीत. जेवण कमी झालं होतं, शीळ तर कधीच थांबली होती. बिल्डर यायचा रविवार जवळ येत होता आणि मला काम हातचं जाण्याची नव्हती एवढी धास्ती ह्यांची वाटत होती. नोकरी गेली तेव्हा ह्यांनी म्हटलं होतं, कारखाना बंद पडला, माझे हात नाही बंद पडले. आता तेच हात ते उलटसुलट करून बघत बसायचे.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. काकू गल्लीत सगळ्यांत मोठ्या, त्यामुळे सगळ्या बायका झाडून हजर. गौर झोपाळ्यावर बसलेली, पुढे करंज्या आणि कलिंगडाचं कमळ, आमच्या हातात आंबेडाळीच्या बश्या आणि पन्ह्याचे पेले, पदरात भिजवलेले हरभरे. काकू एकीकडून हळदकुंकू लावत माझ्यापाशी आल्या. हळद लावून झाली. कुंकवाचं बोट माझ्या कपाळावर टेकणार, एवढ्यात लांबून आवाज आला. टक्, टक्, टक्, टक्.

"पाणी आलं!" काकू ओरडल्या.

ते कुंकवाचं बोट माझ्या भुवईवरून थेट कानापर्यंत गेलं. काकू हळदकुंकवाची कुयरी माझ्या मांडीवर टाकून न्हाणीघराकडे धावल्या. समोरच्या मावशी "पानी आयलं गो!" म्हणत पदरातल्या हरभऱ्यांसकट दाराबाहेर. त्यांच्यामागे बाकीच्या. कोणी बशी घेऊन पळाली, कोणी एक चप्पल पायात आणि दुसरी हातात घेऊन. निमिषार्धात त्या खोलीत मी आणि गौर दोघीच उरलो. गौरीला पाणी भरायचं नव्हतं, आणि एकदम काय झालं ते मला कळत नव्हतं.

मग मला ऐकू यायला लागलं. शेजारी ड्रममध्ये पाणी पडायला लागलं. पलीकडे बादली. त्यापलीकडे कोणीतरी लाइनलाच लावलेली मोटर घरघरली. आणि जसजसा एकेक नळ सुरू होत होता, तसतसा लांबून येणारा आवाज मंदावत होता. टक्... टक्....... टक्. आणि बंद. मी हातातली आंबेडाळ तशीच धरून बसले होते.

काकू पाणी भरून परत आल्या, तेव्हा मी विचारलं, "काकू, पाणी आलं हे तुम्हाला कळलं कसं?"

"अगं, कसं म्हणजे? तुमचा टकटक्या!" काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "किती सोय केलीय म्हणून सांगू तुझ्या मिस्टरांनी! आधी मी नळ उघडा ठेवून खाली ताटली उपडी घालायचे. पहिला थेंब पडला की वाजायची. सगळा जीव त्या ताटलीत. दुपारी डोळा लागायची सोय नव्हती. आता टकटक्या वाजेपर्यंत निवांत पडते बघ. सगळी गल्ली दुवा देतेय त्यांना."

सगळी गल्ली दुवा देत होती आणि दुवा देता देता त्यांच्या पाण्याचा गळा दाबत होती! मला एवढं हसू आलं की पन्हं नाकात गेलं. कानापर्यंत कुंकू फासलेल्या अवस्थेत मी घरी धावले. हे चरात बसले होते, हातात पाना, पुढ्यात मेलेला टकटक्या.

मी सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले.

"सगळे नळ एकदम?" त्यांनी विचारलं.

"सगळे. आवाज झाल्याबरोबर."

"म्हणजे मशीनमध्ये दोष नाही?"

"नाही हो."

"पाइपातही नाही?"

"कशातच नाही."

ह्यांनी पाना खाली ठेवला, टकटक्याच्या तोंडावरचं पाणी स्वतःच्या शर्टाच्या बाहीने पुसलं आणि हसायला लागले. चरात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही काठावर बसून हसले.

आता कोणीही म्हणेल, उपाय सोपा आहे. गल्लीत जाऊन चार शब्द बोलायचे, रविवारी जरा वेळ नळ बंद ठेवा म्हणायचं. पण ह्यांना ते जमणारं नव्हतं. "लोकांना पाणी भरू नका असं कुठल्या तोंडाने सांगू? आवाज आपला आहे. आपणच काढून टाकू." इतकं सगळं होऊनही बोट स्वतःकडेच! त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापली आणि तो पितळी हात जिथे आपटतो तिथे रबराचा तुकडा चिकटवला. चरही बुजवून टाकला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि टकटक्या मांजराच्या पावलांनी फिरला. आवाज नाही, काही नाही. गल्लीतला एकही नळ उघडला नाही. धार फाटकापर्यंत गेली, अंगण चिंब झालं, आणि हे तासभर समोर उभे राहून लेकरू जेवताना बघावं तसं बघत राहिले. तासाने पाणी गेलं.

सहा वाजून गेल्यावर गल्लीत कुजबुज सुरू झाली. आज पाणी आलं कसं नाही? हळूहळू बायका रिकाम्या कळश्या घेऊन बाहेर पडल्या, एकमेकींना विचारत आमच्या फाटकापाशी पोचल्या आणि थांबल्या. आमच्या अंगणातून पाणी निथळत होतं.

"बगा गो, बगा!" मावशींचा आवाज चढला. "आमच्या हंड्यान थेंब नाय, न यांचे गवताला आंगोल!"

आमचाही ड्रम ठणठणीत कोरडा होता, कारण रबराचं साफ विसरून, टकटक ऐकल्यावर उठू म्हणून मीही आत आडवी झाले होते. हे शरमेने लाल झाले. घरातून पक्कड आणली आणि सगळ्यांच्या देखत तो रबराचा तुकडा उपटून काढला. "चुकलं माझं," म्हणाले, आणि घरात जायला वळले.

तिथे मला राहवलं नाही. हे डोळे वटारत होते, तरी मी सगळं बोलून टाकलं. बिल्डरचं, कामाचं, रविवारचं, चराचं, सातच्या ठोक्याला चपला घालून दारात उभं राहायचंही. हे तर मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण त्या गल्लीत हे फार समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे घराआड कोणाचा ना कोणाचा कारखाना बंद पडला होता.

मग काकू म्हणाल्या, "रविवारी आधी तुमचं, मग आमचं. तो माणूस जाईपर्यंत एक नळ उघडणार नाही. काय गं?"

"कोन उघरतंय ते मी बगतेच," मावशी म्हणाल्या.

रविवारी बिल्डर मित्राबरोबर पावणेचारलाच आला. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि सारखं मनगटाकडे बघायची सवय. त्याला पायरीजवळ खुर्ची दिली. त्याने एक पेला पन्हं घेतलं. मग दुसरा घेतला.

"कधी चालू होणार?" त्याने विचारलं.

"पाणी आलं की," हे म्हणाले.

"पाणी कधी येणार?"

"चार ते सहाच्या मधे."

बिल्डरने मित्राकडे पाहिलं. मित्राने डोंगराकडे पाहिलं. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आपापल्या फाटकात हाताची घडी घालून उभ्या होत्या. चैत्रातलं ऊन, जमिनीवर लाह्या फुटाव्यात.

"ह्या सगळ्या का उभ्या आहेत?" बिल्डरने मला विचारलं.

"हवा खातायत," मी म्हटलं.

त्याचा तिसरा पेला अर्ध्यावर आला आणि पाइपातून हवा सुटल्याचा फस्स आवाज झाला. टक्. टक्. टक्-टक्-टक्-टक्! धार उठली ती सरळ फाटकाकडे. बिल्डर खुर्चीतून उठला. फाटकातल्या बायकांचे पाय त्या आवाजाने आपसूक घराकडे वळत होते आणि त्या स्वतःला थोपवून धरत होत्या. मी ह्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हात पाठीमागे घट्ट धरले होते.

आणि धार खाली आली. टक्... टक्..... बिल्डरने पुन्हा मनगटाकडे पाहिलं.

"कोनाचा नल चालू हाय गो?" मावशी रस्त्याच्या मधोमध येऊन गरजल्या.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्याच बाहेर होत्या. मग नळ उघडला कोणी? तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून काकूंचे यजमान बाहेर आले. बनियन भिजलेलं, हातात भरलेली बादली, चेहऱ्यावर पराक्रम. जन्मात त्यांनी कधी नळाला हात लावला नव्हता. आमचा करार झाला होता तो बायकाबायकांत. पुरुषांना सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण पुरुष कुठे पाणी भरतात? पण त्या बिचाऱ्यांनी टकटक ऐकली, बायको घरात दिसली नाही, आणि त्यांना वाटलं, विसरली वाटतं.

"अगं ए, कळशी भरली, बादली भरली! पिंपाला मोटरसुद्धा लावली मी!" ते अभिमानाने ओरडून सांगत होते.

"मेल्या, तुला आजच सुचलं का?" असं काकू नवऱ्याला सगळ्या गल्लीदेखत म्हणाल्या. आम्ही तोवर त्यांना 'इकडून' आणि 'तिकडून' याच्यापुढे बोलताना ऐकलं नव्हतं. नऊवारीचा काचा सावरत त्या धावल्या. मोटर थांबली. नळ बंद झाला. आणि टकटक्याने मान वर केली. टक्-टक्-टक्-टक् करत धार चढत गेली, फिरत आली, आणि बिल्डरचे पांढरे बूट पुरते भिजवून पुढे गेली.

बिल्डर मागे सरला आणि हसला. अंगण भिजेपर्यंत उभा राहिला, यंत्र कुठे बनवलं, कोणी बनवलं, सुटे भाग कोणते लागतात, सगळं विचारलं. मग म्हणाला, "चांगलं आहे. फक्त आवाज फार. आमच्याकडे मोठी माणसं राहायला येणार आहेत."

"बिनआवाजाचाही करून देतो," हे गंभीरपणे म्हणाले. "वापरून बघितलाय."

समोरून मावशींनी डोळे वटारले.

"मग आत्ता हाच काढून द्या. उद्या पार्टनरला दाखवतो."

मला वाटलं, द्यावा. घाला त्याच्या गळ्यात आणि मोकळे व्हा. पण ह्यांनी मान हलवली. "हा नाही देता येणार. हा गल्लीचा आहे. तुम्हाला चार दिवसांत नवा बनवून देतो."

बिल्डरने फाटकांतल्या बायकांकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. त्याला काय उमगलं कोण जाणे. "बरं, नवा द्या," म्हणाला. "उद्यापासून लागा."

त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली मात्र, सगळ्या गल्लीचे नळ एकदम सुटले. टकटक्याने दोनदा उचकी दिली आणि मान टाकली. ह्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सोमवारी सातच्या ठोक्याला हे चपला घालून दारात उभे राहिले. मी डबा हातात दिला. ते पायरी उतरले आणि मित्राच्या वर्कशॉपच्या दिशेने चालायला लागले. मी शाळेची पिशवी खांद्याला लावून बघत राहिले, शाळेला उशीर होईपर्यंत.

संध्याकाळी टकटक्या वाजला, गल्लीने पाणी भरलं, मीही भरलं. मग हे आले. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला. झाकणावर ग्रीसचे चार बोटांचे ठसे होते.

"झालं का पुन्हा सुरू?" मी कडाडले. "हात पुसायला काय होतं डब्याला हात लावण्याआधी?"

"उद्यापासून चिंधी देत जा," हे म्हणाले, आणि शीळ घालत हातपाय धुवायला गेले.

मी मोरीत डबा घासायला घेतला आणि पोटभर रडून घेतलं. मग तो आतून स्वच्छ घासला, बाहेरून तसाच ठेवला, आणि सकाळी त्यात पोळीभाजी भरून दिली.